पट्टीवरची सही

हॉस्पिटलच्या तळघरात एक खोली होती. दारावर 'निर्जंतुकीकरण विभाग' असा बोर्ड होता, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला तिथे वेळ कुणाला? सगळे नुसतं 'तळघर' म्हणायचे. वरच्या तीन ऑपरेशन थिएटरांत माणसाच्या पोटात, छातीत, गुडघ्यात जे जे जायचं, म्हणजे कात्र्या, चिमटे, सुऱ्या, ते सगळं आधी इथे धुतलं जायचं, मोजलं जायचं, कापडात बांधलं जायचं आणि वाफेच्या मशीनमधून निघून मगच वर जायचं. अख्ख्या हॉस्पिटलची अब्रू त्या खोलीत, आणि खोलीला एक खिडकी नाही.

तिथे एकोणीस वर्षं काढलेली बाई म्हणजे पक्कीताई. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं. प्रत्येक गठ्ठा बांधून झाला की ती त्यावर हात ठेवून "पक्कं" म्हणायची, म्हणून पक्कीताई. वरचे सर्जन भारी नाकाचे. नर्सने दिलेला चिमटासुद्धा उलटसुलट करून बघणारे. पण गठ्ठा पक्कीताईचा आहे म्हटलं की मुकाट्याने हात पुढे करायचे. बाईला त्याचा केवढा तोरा! "माझ्या हातून चूक नाही व्हायची," असं ती येताजाता म्हणायची. असं म्हणू नये माणसाने. पण आपलं कोण ऐकतंय?

खोलीत पूर्वी चौघी होत्या. एक निवृत्त झाली, तिची जागा भरली नाही. एक बाळंतपणाला गेली ती गेलीच, तिचीही जागा भरली नाही. तिसरीची बदली झाली. दर वेळी मेट्रनबाई म्हणायच्या, "महिनाभर सांभाळून घ्या, ताई, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही." अशा महिनाभराची तीन वर्षं झाली. राबणाऱ्या बैलालाच नांगराला जुंपतात, आणि बैलाला वाटतं आपल्यावर विश्वास आहे. पक्कीताईच्या खात्यावर दोनशे चौदा दिवसांची रजा साठली होती. ती हा आकडा लोकांना असा सांगायची, जसं दुसरी एखादी अंगावरचे दागिने दाखवेल.

मग तिच्या मदतीला एक शिकाऊ मुलगी दिली. कोर्सच्या दुसऱ्या वर्षाची, सकाळी वर्ग, दुपारपासून तळघर. ताई तिला 'धाकटे' म्हणून हाक मारायची, मग सगळेच मारायला लागले. पोर हुशार. पंधरा दिवसांत सगळी हत्यारं नावानिशी पाठ. ताईने तिला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं, आणि त्याबरोबर आपले गुणही शिकवले. डबा उभ्याने खायचा. पाणी बेताचं प्यायचं, म्हणजे सारखं जायला लागत नाही. बरं नसलं तरी यायचं. "आपण घरी बसलो तर वर माणूस उघड्या पोटाने पडून राहील," असं ताई म्हणायची. पोरीने तेही पाठ केलं.

एकदा हॉस्पिटलने सगळ्यांसाठी व्याख्यान ठेवलं, विषय काय, तर 'कामाचा ताण आणि मनःशांती'. कधी ठेवलं? जेवणाच्या सुट्टीत! तासभर एक गृहस्थ दीर्घ श्वास घ्यायला शिकवत होते आणि खाली सगळ्यांचे डबे थंड होत होते. धाकटी ताईच्या कानाशी म्हणाली, "ताई, श्वासाने पोट भरतं का हो?" ताई खूप दिवसांनी हसली. त्यानंतर ती कधी हसली ते कुणालाच आठवत नाही.

कारण बाई आतून विझत चालली होती. घरी गेली की चप्पल काढून दारातल्याच स्टुलावर अर्धा अर्धा तास बसायची. नवरा शाळेची बस चालवायचा, शांत माणूस. विचारायचा, "चहा टाकू?" ती "हं" म्हणायची आणि कप तसाच निवून जायचा. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, तर हिच्या तोंडून शब्द निघाला, "बरं." एवढंच. नणंद रुसली. जेवणात मीठ कमी की जास्त, ते कळेना. "अगं, तुझी बॅटरी नाही उतरलेली," नवरा म्हणाला, "चार्जरच गेलाय." ती हसली नाही, चिडलीही नाही. चिडायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

आता ती पट्टीची गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिथेच घडलं. गठ्ठा बांधला की त्यावर एक खास चिकटपट्टी लावतात. पट्टीवर फिकट रेघा असतात, त्या मशीनमधल्या वाफेने काळ्या होतात. काळ्या रेघा म्हणजे गठ्ठा तयार, फिकट म्हणजे अजून कच्चा. पट्टीवर बांधणाऱ्याने छोटी सही करायची, तारखेचा शिक्का वेगळा. हाताशी असाव्यात म्हणून बायका आठ-दहा पट्ट्या आधीच फाडून, सह्या करून, आपल्या डाव्या बाहीला चिकटवून ठेवायच्या. आणि थिएटरमधून उलगडून आलेल्या कापडांवरच्या जुन्या, काळ्या पट्ट्या सोलायचं काम पलीकडच्या खोलीत, दुसऱ्या माणसाने करायचं, असा नियम होता. नियम करताना माणसं होती. आता माणसं नव्हती आणि नियम भिंतीवर फ्रेममध्ये होता.

त्या दिवशी ताई सलग दुसरी पाळी करत होती, आणि सकाळचा वर्ग बुडवून धाकटीही. सकाळपासून थिएटरचे फोनवर फोन. ताईने आठ पट्ट्यांवर सह्या केल्या, बाहीला लावल्या. मधेच जुन्या कापडांचा ढीग आला, तोही तिनेच सोलला, आणि सोललेल्या पट्ट्या कचऱ्यात टाकायला चार पावलं जाण्याचा कंटाळा, म्हणून त्याही बाहीलाच चिकटवल्या. मग पुन्हा गठ्ठे बांधायला लागली. हात चालत होता, डोळे उघडे होते, पण बाई तिथे नव्हती. गठ्ठ्यावर हात ठेवून "पक्कं" म्हणाली, तेही सवयीने. गाडी ढकलणारे मामा आले, त्यांनी सात गठ्ठे मशीनमध्ये लावले. आठव्याची पट्टी काळी दिसली, म्हणून तो तयार मालाच्या कपाटात ठेवून दिला. मामांचं काय चुकलं? काळी पट्टी म्हणजे तयार, हे त्यांना ताईनेच शिकवलं होतं.

तो गठ्ठा वर गेला. टेबलावर एक आजोबा भूल देऊन निजवलेले. थिएटरच्या नर्सने गठ्ठा उघडला, तर वाफेने काळी पडणारी आतली खुणेची चिठ्ठी कोरी पांढरी. वाफ लागलेलीच नाही! तिने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. दुसरी हत्यारं मिळेपर्यंत आजोबा चाळीस मिनिटं भुलेखाली नुसते पडून राहिले. पुढे ठणठणीत घरी गेले. पण त्यांच्या मुलाला कुठून तरी कळलं आणि त्याने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. आता कुणाचं तरी नाव हवं होतं. पट्टीवर सही होती धाकटीची. चार दिवसांपूर्वी तिने बांधलेल्या एखाद्या गठ्ठ्यावरची ती जुनी पट्टी.

त्याच संध्याकाळी घरी जाताना ताईने अंगावरचा झगा काढला. डाव्या बाहीवर जुन्या काळ्या पट्ट्यांत एक वेगळी पट्टी उरली होती. फिकट रेघांची, न वापरलेली, आणि तिच्यावर ताईची स्वतःची सही. आठ गठ्ठे, आठ पट्ट्या, त्यातली एक इथे. एकोणीस वर्षं मोजण्यात गेलेल्या बाईला हे गणित समजायला कितीसा वेळ लागणार? तिने पट्टी सोलली, बोटांत चुरगाळून गोळी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. छातीत धस्स झालं नाही, हात कापला नाही. काही म्हणजे काही वाटलं नाही. बसमध्ये बसायला जागा मिळाली, एवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मेट्रनबाईंनी पट्टी ताईपुढे धरली. "सही हिचीच ना?"

"सही तिचीच आहे," ताई म्हणाली. खोटं एक अक्षर नाही, बघा.

धाकटी रडत होती. "मला आठवत नाही, मॅडम. पण असेल. मीच लावली असेल. मी खूप दमले होते." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर संन्यासीच म्हणत होता की चोर मीच असेन. तिचं प्रशिक्षण बंद केलं, कॉलेजला पत्र गेलं, वर्ष गेलं. आजोबांच्या मुलाला 'दोषी व्यक्तीवर कारवाई केली आहे' असं लेखी मिळालं. आणि तळघरात ताई एकटी उरली.

बारा दिवस रेटलं. तेराव्या दिवशी मशीन आपलं काम संपवून शिट्टी मारायला लागलं आणि ताई खाली फरशीवर बसली होती. चक्कर नाही, बेशुद्ध नाही, डोळे टक्क उघडे. मामा म्हणाले, "ताई, मशीन वाजतंय." ती म्हणाली, "ऐकू येतंय." उठली मात्र नाही. शेवटी दोघांनी धरून तिला वर नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, समजूतदार होती. सगळ्या तपासण्या झाल्यावर म्हणाली, "रिपोर्ट चांगले आहेत. पण तुमच्या शरीराने संप पुकारलाय, ताई. इतकी वर्षं मागण्या ऐकल्या नाहीत तुम्ही. आता तीन महिने काम बंद." ताईने विचारलं, "गोळी नाही का काही?" डॉक्टरीण म्हणाली, "आहे, झोपेसाठी. बाकीच्याला गोळी नसते, वेळ लागतो." रजेचा अर्ज एका दिवसात मंजूर झाला. ज्या हॉस्पिटलने तीन वर्षांत एक पगारी माणूस दिलं नाही, त्याने ताई पडल्यावर तिच्या जागी दोन बायका आणल्या. आधी का नाही आणल्या? विचारू नका, माझंच डोकं फिरतं.

पहिला महिना ती नुसती झोपली. लोकांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. नणंद म्हणाली, "एखादा छंद लाव." शेजारीण म्हणाली, "आमच्या वेळी नव्हती बाई असली आजारपणं." नवरा काहीच म्हणाला नाही. तो सकाळची फेरी संपवून यायचा, भात टाकायचा, तिला उठवून चार घास खायला लावायचा आणि भांडी घासून दुपारच्या फेरीला जायचा. दुसऱ्या महिन्यात ती गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लागली. एके दिवशी भाजीचा घास घेऊन म्हणाली, "मीठ जास्त झालंय." नवऱ्याला इतका आनंद झाला की त्याने स्वतः अजून एकदा वाढून घेतली.

तिसऱ्या महिन्यात, एका दुपारी, ती ओट्याशी लसूण सोलत उभी होती. बोटांना सालं चिकटत होती. आणि एकदम धाकटीचा आवाज कानात आला, "पण असेल. मीच लावली असेल." ताई ओटा धरून खाली बसली. हुंदका फुटला. तीन महिन्यांपूर्वी जे यायला हवं होतं ते सगळं आत्ता आलं, व्याजासकट. नवरा घाबरला, तिला पुन्हा डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेला. ताई नुसती म्हणाली, "खूप रडायला येतंय." डॉक्टरीणबाईचा चेहरा खुलला. "छान! वाटायला लागलं म्हणजे तुम्ही बऱ्या होताय."

हे असं असतं होय बरं होणं? थकलेली होती तोवर बाई सुखी होती म्हणायची. बरी झाली आणि जीव नकोसा झाला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाला, "झालं गेलं. आता कशाला उकरतेस? नोकरी जाईल तुझी." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि ती पोर?" तो बसची किल्ली घेऊन बाहेर गेला.

ताई मेट्रनबाईंकडे गेली. मेट्रनबाईंनी चहा मागवला, ऐकून घेतलं, आणि उठून केबिनचं दार लावलं. "ताई, तुम्ही आजारी होतात. आजारी माणसाला काहीही आठवतं. ती फाइल बंद झाली आहे. तुमची जागा मी कशी धरून ठेवलीय ते माझं मला माहीत. एक तारखेला हजर व्हा."

"पण पट्टी मी लावली, बाई. मी सांगतेय ना."

"तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर दोन वॉर्डांच्या आणि रजेवर गेलेल्या एका बाईच्या कामाच्या फायली होत्या. त्यांचाही चहा कपात तसाच निवला होता. ताईला त्यांचा राग येईना. ओळखीचं वाटलं सगळं.

मामांकडून पत्ता मिळाला. धाकटी एका कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करत होती. ताई सकाळी अकराला तिथे पोचली. काउंटरवर मुलामुलींची झुंबड, परीक्षा तोंडावर आलेल्या, सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं. कोर्स सुटलेली पोर दुसऱ्यांच्या वह्या छापून देत उभी होती. वाळली होती. ताईला बघितल्यावर तिचा चेहरा उजळला, हो, उजळला! "ताई! बऱ्या आहात ना? मी ऐकलं तुम्ही पडलात. मला इतकं वाईट वाटलं. माझ्यामुळेच तुमच्यावर सगळा भार पडला."

ताईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. गर्दी ओसरेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग तिने सांगितलं. बाही, आठ पट्ट्या, उरलेली एक पट्टी, सगळं.

धाकटीने एका वहीची पानं जुळवली, टाचली, बाजूला ठेवली. पुन्हा उचलली, मोजली, ठेवली. "मी आता सगळं तीनदा मोजते," ती म्हणाली. "घराचं कुलूप चारदा ओढून बघते. मावशी म्हणते, वेड लागलंय. मला वाटायचं माझ्या हातातच खोट आहे. स्वयंपाक करतानासुद्धा वाटायचं, माझ्या हातून कुणीतरी मरेल." मग तिने मान वर केली. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"म्हणजे केबिनमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुम्ही मला डोळे पुसायला रुमाल दिलात."

पलीकडे एक मुलगा वही पुढे करून "दीदी, लवकर करा ना, पेपर आहे," म्हणत होता. धाकटीने त्याची वही घेतली, पानं काढून दिली, तो गेला. मग तिने मशीनमधला एक कोरा कागद ओढला आणि पेनासकट ताईपुढे ठेवला. "लिहून द्या. कॉलेजला देईन."

ताई लिहायला बसली. त्यासाठीच तर आली होती. तिने लिहिलं की अमुक दिवशी, सलग दुसऱ्या पाळीत, मनुष्यबळ नसल्यामुळे आणि अतिशय थकव्यामुळे तिच्या हातून चुकीची पट्टी लागली, यात शिकाऊ मुलीचा काही दोष नाही. खाली सही केली. कागद देताना तिला छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तिने हळूच विचारलं, "होईल ना ग आता सगळं नीट?"

धाकटीने कागद एकदा वाचला, दोनदा वाचला, तीनदा वाचला. "पट्टी थकव्यामुळे लागली, हे खरं आहे," ती म्हणाली. "त्याबद्दल मी तुम्हाला कधीच काही म्हणणार नाही, ताई. माझ्याही हातून लागली असती. मीही तेवढीच थकले होते. पण मला कुणी तीन महिने झोपू दिलं नाही. केबिनमधून बाहेर पडले आणि पाचव्या दिवशी इथे उभी राहिले." तिने कागद परत ताईपुढे सरकवला. "दुसऱ्या दिवशी तुम्ही गप्प बसलात. ते यात नाही. ते कशामुळे, ते लिहा."

ताईने पेन उचललं. सहीच्या खाली जागा होती. 'थकव्यामुळे' असा शब्द तिने लिहिला आणि धाकटीकडे बघितलं. पोर नुसती बघत उभी राहिली. ताईने तो शब्द खोडला. मग लिहिलं, 'मला माहीत होतं आणि मी बोलले नाही,' आणि पुढे कारण लिहायला लागली, तर काही सुचेना. दुकानात पुन्हा मुलं आली होती. धाकटी त्यांच्याकडे वळली, एकेकाची वही घेत राहिली, आणि ताई पेन धरून काउंटरच्या कडेला बसून राहिली. दुपारी मालक जेवायला आला तेव्हाही ती तिथेच होती.